हातगुणाचा माणूस

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना जो विंझरला उतरतो, त्याला राजगड नि तोरणा कोठे आहेत हे फारसे विचारावे लागत नाही, पण संगणक बिघडला असता जावे कोणाकडे, हे मात्र विचारावे लागते, आणि मग टपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सर्वत्र एकच उत्तर मिळते : "अण्णांना बोलवा."

अण्णा हे व्यक्तीचे नाव नसून पंथाचे नाव आहे. या पंथीयाने पुण्यात कोठेतरी संगणकखात्यात चाकरी केलेली असते, परतताना एक पेचकस बरोबर आणलेला असतो, आणि बिघाड कोणताही असो, त्याच्या कारणाची चौकशी करणे म्हणजे आपल्या हातगुणाचा उपमर्द करणे होय, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा असते.

माझ्या ओसरीवरील लिनक्सच्या यंत्रावरून आळीतल्या पोरांचे मोबाइल इंटरनेटला लागतात, म्हणून फायरवॉलचा बंदोबस्त अवश्य होता. परंतु पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाणार, यंत्र चारदा उठणार, आणि फायरवॉल मात्र एकदाही आपण होऊन चौकीवर रुजू होणार नाही, असा क्रम लागला. अण्णा येत, चपला उंबऱ्याबाहेर काढत, दोन बोटांनी 'रीस्टार्ट'चा हुकूम सोडत, आणि ती निमूट उभी राही. "मास्तर, यंत्राला हात ओळखू येतो," असे म्हणून ते स्वयंपाकघराच्या दिशेने पाहत. श्रावण सरेतो बरीच चहापूड या हातगुणापायी खर्ची पडली.

अखेर एके रात्री मीच यंत्राची रोजनिशी उघडली. प्रथम शंका आली ती 'स्टार्ट' आणि 'इनेबल' या हुकमांची. पहिला म्हणजे आजची हजेरी, दुसरा म्हणजे कायमची नेमणूक, आणि पुष्कळांची मजल पहिल्यापुढे जात नाही. पण नेमणूक रीतसर होती. घोळ होता फायरवॉलच्या नियमांच्या जाबत्यातल्या एका ओळीत. पुण्यातल्या माझ्या मुलाच्या संगणकाला आत येऊ द्यावे, असे तिथे लिहिले होते, ते अंकी पत्त्याने नव्हे, नावाने. आता फायरवॉल तैनात होते ती जाळ्याची वाट खुली होण्यापूर्वी, आणि तेच योग्य. परंतु हा नावाचा धनी कोण, हे विचारायचे तर वाट खुली हवी! माझी फायरवॉल ज्यावर चाले त्या, 2014 साली लिनक्सच्या 3.13 आवृत्तीबरोबर आलेल्या एनएफटेबल्सचा शिरस्ता तर असा कडक, की एक ओळ नामंजूर झाली की सबंध जाबता नामंजूर. म्हणजे एका नावासाठी सगळे दरवाजे सताड उघडे. अण्णा येईपर्यंत वाट खुली झालेली असे, नावाचा पत्ता लागे, आणि यश हातगुणाच्या खाती जमा होई.

ती ओळ अण्णांनीच लिहिली होती. "आकडे कोण ध्यानात ठेवतो, मास्तर? माणसाला नाव असतं." 2024 साली राज्य सरकारने तालुक्याचे नाव राजगड करण्याचे ठरवले, तरी अण्णा वेल्हेच म्हणतात; नावांवर त्यांचा जीवच तसा आहे.

मी नाव खोडून आकडे घातले. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, यंत्र उठले, आणि फायरवॉल कोणाची वाट न पाहता चौकीवर हजर झाली. अकराच्या सुमारास अण्णा आले. पडद्यावरची 'ॲक्टिव्ह' ही अक्षरे त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली.

"मी न येताच?" ते खिन्नपणे म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, दोन बोटांनी 'रीस्टार्ट'चा हुकूम सोडून ते मागे रेलले. "आता नीट लागली. साखर जरा कमी घाला."