आप्पांचा टैम

आप्पांना फोन लावला की पलीकडून पहिला शब्द येतो, "निघायलोच!" पुण्याकडच्या वाचकांना सांगायला हवं की हे 'निघतोय' नव्हे. आमच्याकडचं 'निघायलो' अंघोळीच्या आधी सुरू होतं आणि स्टँडवरच्या दुसऱ्या चहापर्यंत टिकतं. एवढ्या वेळात माणूस खोटं बोलत नसतो. तो खरोखरच निघत असतो.

आप्पा नात्यानं माझे मामा, पण सगळं गाव आप्पा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. गाव अहमदपूरजवळ. म्हणजे लेक दिली त्या नांदेडला आणि नात शिकते त्या लातूरला, दोन्हीकडं सारखंच उशिरा पोचता येईल असं. मनगटावर चावीचं एचएमटी. लेट होऊ नये म्हणून ते दहा मिनिटं पुढं लावलेलं आहे. कुणी टैम विचारला की आप्पा घड्याळ बघतात, मनात दहा वजा करतात, मग "चावी द्यायची राहिली वाटतं" म्हणून सूर्याकडं बघतात आणि सांगतात, "झाला असंल जेवायचा टैम."

हा टैम म्हणजे इंग्रजांचा टाइमच, पण इंग्रजांनी त्याच्याकडून इतकी कामं कधी करून घेतली नसतील. बीपीची गोळी दोन टैम. ह्या टैमाला पाऊस बरा, मागच्या टैमाला गेला होता. सोयाबीनला भाव नाही, कारण टैमच तसा आलाय. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घेतला, तर त्याचा टैम चालू हाय. सोसायटीच्या मीटिंगला बोलावलं तर "टैम न्हाई बाबा", आणि हे पारावर पाय पसरून. इथं टैम म्हणजे इच्छा. उसने पैसे मागायला गेलेल्यानं "टैम लागंल" हे दोन शब्द ऐकले की चहाची वाट न बघता उठावं.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "आप्पा, आपला 'वेळ' शब्द काय वाईट आहे?"

"तो बाप्या हाय का बाई?"

मी गप्प. कारण खरंच, 'किती वेळ गेला' म्हणतो तेव्हा तो पुल्लिंगी आणि 'वाईट वेळ आली' म्हणतो तेव्हा स्त्रीलिंगी. लांबी मोजायची असली तर तो, नेमका क्षण सांगायचा असला तर ती, असं मी समजावून सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी वाईट आली की बाईच का रे? टैमाचं तसं न्हाई. चांगला असो का वाईट, बाप्याच."

एम.ए. मराठी करून माझ्याकडं याला उत्तर नाही.

त्यांचे वडील 'वखत' म्हणायचे. निजामाच्या राज्यात शिकलेला माणूस, दाखल्यावर जन्म 1340 फसली. आपल्या हिशेबानं 1930-31. घराण्यात कॅलेंडर असं पाचशे नव्वद वर्षांनी मागं असल्यावर आप्पांच्या दीड तासाचं काय घेऊन बसायचं? स्वतः आप्पांचा वाढदिवस 1 जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाला तीच तारीख वाटली होती. पण त्यांचा खरा बचाव वेगळाच आहे. लग्नाला अक्षता पडल्यावर पोचले आणि यजमान कुरकुरले, तर आप्पा म्हणाले, "देश 15 ऑगस्ट 47 ला सुटला, आपण 17 सप्टेंबर 48 ला. स्वातंत्र्यच तेरा महिने लेट आलं हिकडं. मी दीड तास." यजमानांनी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

तरी आप्पांचं व्याकरण ढिलं आहे असं समजू नका. 'टैमावर' आणि 'टैमाला' यात ते कधी गफलत करत नाहीत. टैमावर बस येते. टैमाला माणूस येतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. ती ठरल्या वेळेला आली का, हे आप्पांनी विचारलंही नाही. "टैमाला आली," एवढंच म्हणाले.

नातीची गोष्ट मात्र वेगळ्या घड्याळावर चालते. ती लातूरला नीटची तयारी करते. 180 प्रश्न, 180 मिनिटं. आप्पा हे ऐकून हादरले होते. "एका सवालाला एकच मिनिट? वाचायलाच टैम लागंल की!" ती म्हणाली, "आप्पा, मला पन्नास सेकंदात सोडवायचाय." त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत फारसं बोलले नाहीत. तिचा डबा अहमदपूरहून एसटीनं येतो. लातूरच्या स्टँडवर रोज असे डबे उतरतात, दोरीनं बांधलेले, वर नाव लिहिलेले. डबा द्यायला आप्पा बस लागायच्या अर्धा तास आधी हजर असतात. वर्षभरात एकही डबा चुकलेला नाही. चुकतात ते आप्पा.

आणि आकड्यात सांगितलेला टैम मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला आहे. 1993 ला अनंत चतुर्दशीला ते औसा तालुक्यात बहिणीकडं होते. गणपती बोळवून लोक रात्री उशिरा झोपले होते. त्या रात्रीचा भूकंप कधी झाला, असं नातीनं एकदा सहज विचारलं. मला वाटलं, 'पहाटच्या टैमाला' म्हणतील.

"तीन छप्पन," आप्पा म्हणाले.

हा आकडा त्यांना नंतर रेडिओवर कळला असणार, अंधारात घड्याळ कोण बघतंय. पण दहा वजा केले नाहीत, सूर्याकडं बघितलं नाही. बहिणीचं काय झालं, हे नातीनं विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "च्याचा टैम झाला न्हाई का?"

आज नातीची सराव परीक्षा संपायची होती चार वाजता, आणि तिला घेऊन जायला आप्पा येणार होते. सकाळी दहाला फोन केला तेव्हा निघायलेच होते. दोनला केला तेव्हाही. आता साडेपाच झालेत, पोरगी सॅक घेऊन आमच्या ओसरीवर बसली आहे आणि चहा दोनदा गरम करून झाला आहे. वाटेत चाकूरच्या अलीकडं-पलीकडं पांढरी टोपी, चावीचं घड्याळ असलेले एक गृहस्थ कुणाशी बोलत उभे दिसले, तर तेवढं गाडीत बसवून द्या.