हापूसचा हक्कदार

आवडत्या गावी आवडता धंदा करावा, असा उपदेश करणाऱ्यांना दप्तरी व्यवहाराचा वारा लागलेला नसतो. कारण देवगडच्या कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून हापूसची बाग उठवू पाहणाऱ्या सद्गृहस्थास प्रथम कळते ते हे की, १९४८च्या कुळकायद्यान्वये जो मुळात शेतकरी नाही त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे पोहता येत असल्याचा दाखला आणल्याखेरीज पाण्यात उतरण्यास मनाई! वडिलोपार्जित जमीनवाल्यास भाग्यवान म्हणावे, तर त्याच्या सातबाऱ्यावर कैलासवासी चुलत आजोबांपासून परागंदा पुतण्यांपर्यंत सारे सहहिस्सेदार, हयातीत कधी न दिसलेल्या एकोप्याने, नांदत असतात. दरम्यान जुन्या कलमांचा ताबा वानरांनी, फेरफाराच्या नोंदीची वाट न पाहता, कधीच घेतलेला असतो.