मोबाइलवरून जनमत गोळा करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

बपेरा हे तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशच्या सीमेवरचे गाव. इथल्या धान उत्पादकांचे मत जाणून घ्यायचे असल्यास संशोधकाने एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: तिथे जाणे. पुण्यात मोठ्या पडद्यासमोर बसून प्रश्नावली रचावी आणि लिंक व्हॉट्सॲपवर सोडावी. मुहूर्त रोवणीचा धरावा. तेव्हा एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्याला चिखल आणि फोन धुऱ्यावरच्या पिशवीत असतो.

प्रश्न तक्त्यातच विचारावेत. उभी बारा विधाने, आडवे पाच रकाने, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत. फोनवर शेवटचे दोन रकाने पडद्याबाहेर जातात. त्यामुळे गाव प्रत्येक गोष्टीशी सहमत निघते आणि ग्रामीण समाधानावर शोधनिबंध होतो.

'फक्त पाच मिनिटे लागतील' असे लिहावे. ती स्वतःच्या लॅपटॉपवर मोजावीत. मोबाइलवर जास्त वेळ लागतो आणि मध्येच सोडून देणारेही जास्त असतात, असे अभ्यास सांगतात. अर्धवट उत्तरे वगळली की हा प्रश्न मिटतो. उरतात ते चिवट आणि रिकामे लोक; त्यांना 'प्रातिनिधिक नमुना' म्हणावे.

रोवणी करतात मुख्यतः बाया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या भारतीय महिला 54 टक्केच. बाकीच्यांचे मत मुलगा देतो. ''समाधानी लिवू का वं माय?'' ''लिव गा, पर आदी जेवून घे.'' हे उत्तर वैध धरावे.

कुणी 1936 चा दाखला देईल. 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकाने मोटार आणि टेलिफोनवाल्यांच्या याद्या घेऊन सुमारे एक कोटी मतपत्रिका धाडल्या, 24 लाखांच्या आसपास परत आल्या, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असे छापले, जिंकले रूझवेल्ट. साप्ताहिक 1938 मध्ये बंद पडले. पण त्यांच्याकडे रंगीत डॅशबोर्ड कुठे होता?

ई-पीक पाहणीचे नाव मात्र काढू देऊ नये. ती 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू आहे. त्यासाठी हाच शेतकरी, याच फोनने, बांधीत उभा राहून पिकाचा फोटो काढतो. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसेल तर हमीभावाच्या केंद्रावर अडते ना! आपल्या सर्वेक्षणातून त्याला असे काही मिळणार नाही. म्हणून शेवटी 'आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार' टाकावे. लॅपटॉपवर ते अगदी मधोमध येते.