हिरवं बटण दाबायचं नाही

स्कायरिम या गेममध्ये ड्रॅगन मारायचे असतात, असं म्हणतात. माझा बराचसा वेळ गेम अपडेट होऊ नये म्हणून पहारा देण्यात गेला. ड्रॅगनांनी माझ्याइतका निरुपद्रवी योद्धा पाहिला नसेल.

मूळ गेम २०११ सालचा. त्यातली सामानाची यादी अशी, की कोबीचा गड्डा शोधता शोधता तलवार विकली जावी. त्यावर उतारा म्हणून हौशी मंडळींनी स्काययूआय हे मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी पुरवणी, फुकट बनवलं. त्याला एसकेएसई नावाचं आणखी एक जोडसॉफ्टवेअर लागतं. गेमच्या प्रोग्रॅममध्ये कुठलं काम कुठल्या पत्त्यावर चालतं, हे एसकेएसईला पाठ असतं. पॅच आला की पत्ते सरकतात आणि रातोरात सगळे घरनंबर बदललेल्या गावातल्या पोस्टमनसारखी त्याची गत होते. ११ नोव्हेंबर २०२१ला, गेमच्या दहाव्या वाढदिवशी, असंच मोठं अपडेट आलं आणि एसकेएसईवर चालणारी ढीगभर मॉड एका दमात बसली.

गेम ज्यावरून उतरवायचा आणि चालवायचा, त्या स्टीमवर ‘अपडेट नकोच’ अशी सोय नाही. ‘गेम सुरू करताना अपडेट करा’ एवढंच सांगता येतं. म्हणजे मरण टळत नाही, लांबतं. म्हणून जाणकार हिरव्या प्ले बटणाकडे फिरकत नाहीत. गेम थेट एसकेएसईच्या लोडरवरून सुरू करतात. शिवाय गेमच्या आवृत्तीची नोंद ठेवणारी स्टीमची मॅनिफेस्ट फाइल रीड-ओन्ली करून ठेवतात. ते मात्र मी केलं नाही. असली बंधनं नवशिक्यांना. आपला स्वतःवर ताबा आहे!

डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा मोठं अपडेट आलं, तेव्हा साडू घरी आले होते. त्यांना मी हे सगळं चहा निवेपर्यंत समजावलं.

“मग दाबायचं नाही ते बटण कुठलं म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“हे!” म्हणत मी ते दाबून दाखवलं.

निळी पट्टी सरकू लागली. मी राउटरकडे धावलो. राउटर कपाटावर, त्यासमोर दिवाळीच्या कंदिलाचा खोका. स्टुलावर चढून खोका हलवतोय तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, चढलाच आहात तर वरची जळमटंही काढा.” वायर उपटून परतलो, तर पट्टी पूर्ण भरलेली.

लोडरने आवृत्ती जुळत नसल्याची खिडकी दाखवली आणि गप्प बसला. हिरव्या बटणाने गेम चालू झाला, पण स्काययूआयशिवाय. मेनूत क्रिएशन्स नावाचं दालन मात्र उघडलेलं. त्यात मॉड विकतही मिळतात.

“छान दिसतोय की!” साडू म्हणाले. “नवीनच बरं असतं.”

एसकेएसईवाल्यांनी नवी आवृत्ती लवकरच काढली. पण माझ्या आवडत्या एका मॉडच्या कर्त्याने ते काम केव्हाच सोडलं होतं. शेवटी स्टीमच्या कन्सोलमध्ये डिपॉटचे, म्हणजे गेमच्या फाइलींच्या साठ्याचे, लांबलचक आकडे टाइप करून जुना गेम पुन्हा उतरवला. एक आकडा चुकला की मुळापासून सुरुवात. त्या रात्रीही ड्रॅगन सुखरूप राहिले.

तेव्हा मॉडवाल्यांनो, गेमचा अख्खा फोल्डर आजच दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, मॅनिफेस्ट रीड-ओन्ली करा आणि डेस्कटॉपवर फक्त लोडरचा शॉर्टकट ठेवा. स्वतःवरचा ताबा म्हणजे बॅकअप नव्हे.