कांद्याचं पंचांग

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातच बंद केली. भाव चढला की ग्राहक रडतो, पडला की शेतकरी. ग्राहकाची मतं देशभर, कांदेवाल्याची मूठभर जिल्ह्यांत. कोणाचे डोळे पुसायचे, हा हिशेब सोपा! ४ मे २०२४ ला, नाशिक-दिंडोरीचं मतदान पंधरवड्यावर आलं असताना, बंदी उठली. सोबत टनाला किमान ५५० डॉलर भावाची अट आणि ४० टक्के शुल्क. दार उघडलं, उंबरठा कमरेएवढा केला. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. मग विधानसभेच्या तोंडावर, सप्टेंबरात, अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आलं. लासलगावकरांनो, व्यापार धोरण वाचण्यात डोळे फोडू नका. निवडणुकीच्या तारखा बघा आणि मगच रोपं लावा.