फाफ्साकाका

न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणी तुमच्या पोराची इयत्ता विचारली, तर ओळखावं, हे फाफ्साकाका. त्यांना मार्कांशी देणंघेणं नसतं. "नववीत? मग वेळ आहे," म्हणून ते मोदक उचलतात. "दहावीत" म्हणालात, तर मोदक हातातच राहतो.

कारण कॉलेजसाठी सरकारी मदत हवी तर फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो, आणि त्यात उत्पन्न धरतात दोन वर्षांपूर्वीचं. म्हणजे पोरगं दहावीत असतानाच्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं. आपल्याकडे दहावीचं वर्ष मुलाचं असतं, तिकडे बापाचं. नेमका त्या वर्षी काकांना बोनस मिळाला, तेव्हा घरात सुतक पडलं होतं. शेअर मात्र त्यांनी आदल्याच वर्षी विकून मोकळे केले होते.

मुंजीला तर त्यांना बोलावूच नये. बटू भिक्षावळीला उभा, आणि हे त्याच्या आईच्या कानाशी: "वहिनी, हे पैसे पोराच्या नावावर टाकू नका हं! मुलाच्या शिलकीचे २० टक्के धरतात, आईबापाच्या फार तर ५.६४!" यातलं 'पाच पॉइंट सहा चार' ते भटजींपेक्षा शुद्ध उच्चारतात. रिटायरमेंटची खाती आणि राहतं घर फाफ्सा धरत नाही, हेही सांगतात, तेही भटजींना. सल्ला बरोबर असतो, हीच पंचाईत.

त्यांचं खरं दुःख वेगळं आहे. घरातली दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली, की पालकांचा अपेक्षित वाटा दोघांत विभागला जायचा. काकांनी धाकट्याचा जन्म त्या हिशेबाने थोरलीनंतर दोनच वर्षांनी योजला. (काकूंना हे पुष्कळ उशिरा कळलं.) २०२४-२५ पासून ती सवलत गेली. धाकटा समोर आला, की काका अजूनही त्याच्याकडे बुडीत ठेवीसारखं बघतात.

इतकं करून, दोन आयटी पगारांच्या त्या घरात अनुदानाचा एक डॉलर आला नाही. थोरलीला पहिल्या वर्षी मिळालं ते ५,५०० डॉलरचं सरकारी कर्ज, व्याज पहिल्या दिवसापासून चालू. त्या कर्जाला उत्पन्नाची अटच नाही.