डाल्यातला दिवा

मालवाहू पिकअपला कंपनी पुढे दोन दिवे देते, म्हणजे चालकाला रस्ता दिसावा. मागे दोन लाल दिवे देते, म्हणजे मागच्याला पिकअप दिसावी. केबिनच्या छताला एक मिणमिणता दिवा देते, म्हणजे वजनकाट्याची पावती आणि सुटे पैसे दिसावेत. ज्या मालाच्या भाड्यावर गाडीचा हप्ता फिटतो, त्या मालाच्या वाट्याला मात्र सहसा चंद्रप्रकाश येतो, आणि तोही महिन्यातले पंधरा दिवस. यवतमाळ जिल्ह्यात ही उणीव जरा जास्तच जाणवते. कापूस दिवसभर वेचायचा, मजुरांची वेचाई किलोवर म्हणून संध्याकाळी मोजायचा आणि मग पिकअपच्या डाल्यात भरायचा. डिसेंबरात इथं सूर्य पावणेसहाच्या सुमारासच मावळतो. म्हणजे भरणं अंधारात, दोर आवळणं अंधारात, आणि वणी, राळेगाव किंवा पांढरकवड्याला जिनिंगसमोर रांग लागली तर मुक्कामही अंधारातच. तेव्हा डाल्यात दिवा लावणं ही चैन नव्हे. हे इथं सगळ्यांना पटलेलं आहे. वाद आहे तो पैसे कशावर घालायचे याचा. लोक ते दिव्यावर घालतात. माझं म्हणणं असं की दिवा हलका चालेल, पैसे वायरवर घाला.

दिवा निवडताना आपला माणूस लग्नाची मुलगी पाहायला गेल्यासारखा चोखंदळ असतो. पांढरा की पिवळा, गोल की लांबट, मधे निळी पट्टी आहे का, लुकलुकतो का. वायरची वेळ आली की मात्र तोच माणूस ‘असेल ती दे’ म्हणतो. मग घरच्या बेलची उरलेली वायर निघते, ती दातांनी सोलली जाते, दोन टोकांना पीळ बसतो आणि त्यावर काळी टेप. या वायरचा हिशेब सोपा आहे. ५५ वॅटचा हॅलोजन १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरहून थोडा जास्त करंट ओढतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरनं तो बॅटरीपासून डाल्यापर्यंत पाच मीटर नेला, तर वाटेतच पाऊण व्होल्टच्या वर गळतो आणि दिव्यापर्यंत जेमतेम सव्वाअकरा पोचतात. गळती छोटी वाटेल, पण हॅलोजनचा उजेड तेवढ्यानं सुमारे पाचव्या हिश्शानं घटतो. मधल्या मधे गळालेलं कुठं जातं हा प्रश्न सरकारी योजनांबाबत अनुत्तरित असला तरी इथं त्याचं उत्तर आहे: ते वायर तापवतं. शिवाय असले दोन हॅलोजन रांगेत आठ तास जळले, तर सत्तरहून अधिक अँपिअर-तास संपतात. तेवढ्यात पिकअपची बॅटरी मान टाकते, आणि सकाळी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर येतो तेव्हा आठ-दहा जण कापसानं भरलेली गाडी ढकलत असतात. दहा वॅटचा एलईडी एका अँपिअरच्या आत भागवतो. दिव्यात काटकसर करायला जागा आहे म्हणतो ती अशी.

इथं पहिला आक्षेप येतोच. ‘एलईडी काहीच खात नाही, मग फ्यूज कशाले पाहिजे जी?’ दिसायला बिनतोड मुद्दा आहे, पण फ्यूज हा दिव्याचा अंगरक्षक आहे अशा समजुतीवर तो उभा आहे. फ्यूज असतो वायरसाठी. वायरचं आवरण फाटून तांबं पत्र्याला टेकलं की दिवा किती वॅटचा होता हे कुणी विचारत नाही. मग बॅटरी देईल तेवढा करंट वाहतो, आणि जी बॅटरी थंडीत डिझेल इंजिनाचा स्टार्टर फिरवते, ती शेकडो अँपिअर देऊ शकते. दुसरा आक्षेप याहून लाडका आहे: ‘बारा व्होल्टानं काय होते भाऊ, झटका तं लागत नाही!’ झटका लागत नाही हे खरंच. पण लोखंड वितळवणारं वेल्डिंगसुद्धा वीस-तीस व्होल्टवर चालतं. व्होल्ट कमी म्हणजे विस्तव कमी, असा नियम विजेनं कधी मान्य केलेला नाही.

दुसऱ्या जिल्ह्यात डाल्यात टरबुजं असतील, विटा असतील. तिथं वायर जळून फार तर वास येईल. आपल्याकडे कापूस आहे. जुन्या काळी रात्री कापसाची बंडी निघे तेव्हा कंदील बंडीच्या खाली, दांडीला टांगलेला असे. तेवढ्या उजेडात माल दिसत नसे, पण विस्तव कापसापासून लांब ठेवावा हे त्या बंडीवाल्याला कळत होतं. कापसाची आग सरळ नसते. वरून विझली असं वाटतं आणि ती आत तासन्‌तास धुमसत राहते; चालत्या गाडीत वारा तिला फुंकर घालतो आणि चालकाला बातमी लागते ती रस्त्याकडेचे लोक हातवारे करायला लागल्यावर. ज्या कापसाची पहिली वेचणी सीतादहीची पूजा केल्याशिवाय आपण सुरू करत नाही, त्याच कापसाला पुढे दातांनी सोललेल्या वायरीच्या मांडीला मांडी लावून बसवतो. वायर डाल्यात शिरते ते पत्र्याला पाडलेल्या भोकातून. त्या भोकाची कड धारदार असते आणि आपले रस्ते त्या कडेला करवतीसारखं चालवतात. दहा-वीस रुपयांचं रबरी ग्रोमेट आणि नालीदार पाइप एवढ्यानं ही करवत बोथट होते. फ्यूजही बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो दिव्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. कुलूप घराच्या मागच्या भिंतीला लावावं, तसं ते होतं.

‘फ्यूज सारखा उडतो, ताप नुसता’ ही तक्रार मला सर्वांत गोड वाटते. उडणं हेच त्याचं काम. तरी त्याला बढती मिळत जाते: पाच अँपिअरचा बदामी उडाला की पंधराचा निळा, तो उडाला की तीसचा हिरवा, आणि शेवटी सिगारेटच्या पाकिटातली चांदी, जी कधीच उडत नाही. त्यानंतर उडायला फक्त गाडी उरते. काही जण वेगळी लाइन नको म्हणून मागच्या लाल दिव्यातूनच जोड घेतात. मग डाल्यातल्या बिघाडानं फ्यूज उडाला की मागचे दिवेही जातात, आणि पांढरकवड्याहून पाटणबोरीकडे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पिकअप अदृश्य होऊन चालते. मागून येणाऱ्या चौदा चाकी ट्रकला अदृश्य वस्तू आवडत नाहीत.

मोबाइलची टॉर्च पुरते, असंही कुणी म्हणेल. पुरते, तिसरा हात असेल तर. एका हातात दोर, दुसऱ्यात गठ्ठ्याचं टोक आणि दातांत मोबाइल, ही कसरत वायर सोलण्यापेक्षा दातांना जड. कायद्याचा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०८ वा नियम मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दाखवू देत नाही. सूट आहे ती नंबर प्लेटच्या, रिव्हर्सच्या, इंडिकेटरच्या आणि गाडीच्या आतल्या दिव्याला. तेव्हा डाल्यातल्या दिव्याचं तोंड खाली, मालाकडे हवं, त्याचं बटण वेगळं हवं आणि गाडी हलली की तो बंद हवा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवासुद्धा उतरला. आपल्या पांढऱ्या दिव्यानं मागच्याचे डोळे दिपवायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

म्हणून दिवाळीनंतर, वेचणीच्या ऐन घाईत दुकानात जाल तेव्हा आधी वायर मागा, मग फ्यूज आणि ग्रोमेट मागा. दिवे दुकानदार स्वतःहूनच दाखवेल.